पोडावरचं चित्र दुपारीच का फुटतं: चार ॲम्पच्या लाइनीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. राळेगाव तालुक्यातलं एक गाव, केबल टीव्हीची १४० कनेक्शनं. फायबर ग्रामपंचायतीजवळच्या नोडपर्यंत (प्रकाशाचा सिग्नल केबलवर उतरवणाऱ्या रिसीव्हरपर्यंत) येते. तिथून कोॲक्स (तांब्याच्या) केबलवर ओळीने चार ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी यंत्रं, लावून लाइन ६०० मीटरवरच्या पोडापर्यंत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीपर्यंत नेली आहे. गावात चित्र ठीक. पोडावरच्या २२ घरांत सकाळी सगळं दिसतं, पण बारा वाजले की ठराविक तीस-चाळीस चॅनेल चौकोन-चौकोन होऊन फुटतात. दिवे लागल्यावर ते परत येतात, आणि कधी कधी रात्री आठ-नऊला सगळी लाइनच बसते. सेट-टॉप बॉक्स बदलून झाले. पोडाच्या तोंडाशी पाचवा ॲम्प लावला, तर आधी नीट दिसणारे चॅनेलही अडकू लागले. लोक छतावर डिश बसवून घ्यायला लागलेत. ही लाइन चालवणारे भाऊ विचारतात, अजून मोठा ॲम्प आणू का?

नका आणू, भाऊ. लावलेला पाचवाही आजच काढा. तुम्ही दोन आकडे दिलेत म्हणून मी हे खात्रीनं सांगू शकतो. तिसऱ्या ॲम्पच्या आउटपुटला ११० मेगाहर्ट्झवर १०२ आणि ८५० मेगाहर्ट्झवर ९० डीबी मायक्रोव्होल्ट (सिग्नलची लेव्हल मोजायचं माप). आणि तिथून पुढचे २५० मीटर तुम्ही बारीक कोॲक्स, आर-जी ६ ओढलीय, जाड आर-जी ११ संपली म्हणून. तुमचं दुखणं सगळं या दोन ओळींत आहे.

मी १९९८ पासून हिंगणघाट-समुद्रपूर भागात लाइनी ओढतोय. तेव्हा ॲनालॉग होतं आणि सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. ग्राहक सांगायचा, "भाऊ, थोड्या मुंग्या हायेत," आणि आपल्याला आठ-पंधरा दिवस आधी कळायचं की कुठंतरी कनेक्टर सडतोय. नागपुरात मार्च २०१३ अखेर डिजिटल सक्तीचं झालं, आपल्या गावांना चौथ्या टप्प्यात मार्च २०१७ ची मुदत मिळाली, आणि मुंग्या गेल्या. आता चित्र काठावर असलं तरी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि काठावरून एक-दोन डीबी घसरलं की एकदम फुटतं. सकाळी पोडावर चित्र चांगलं असतं म्हणजे लाइन चांगली आहे, असं म्हणूनच समजू नका. सकाळीही ती काठावरच उभी आहे.

तक्रार आली की मी फोनवरच तीन गोष्टी विचारून घेतो: कधी जातं, कोणते चॅनेल जातात, शेजारच्या घरी काय दिसतं. निम्मा बिघाड तिथंच सापडतो. भर दुपारी जात असेल तर उष्णता. पहाटे, थंडीत जात असेल तर केबल आखडून कनेक्टरमधली तार मागं सरकतेय. पावसानंतर दोन दिवसांनी जात असेल तर पाणी. रात्री कुलर-पंखे चालू झाल्यावर जात असेल तर व्होल्टेज. आणि मालक शेतात गेल्यावर जात असेल, तर ज्याच्या घरातून ॲम्पला लाइट दिलीय त्यानं जाताना मेन स्विच बंद केलाय.

"कोणते चॅनेल" हा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. डिजिटल केबलमध्ये चॅनेल एकेकटे येत नाहीत. ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात, ६४ क्वाम या डिजिटल पद्धतीनं, सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माल जातो, आणि त्यात दहा ते वीस चॅनेल एकत्र बसवलेले असतात. एका बंडीत बसल्यासारखे. बंडी कलंडली की सगळे सोबतच पडणार. तुमचे तीस-चाळीस चॅनेल म्हणजे दोन-तीन फ्रिक्वेन्स्या. कंट्रोल रूमकडून फ्रिक्वेन्सीची यादी मागा आणि फुटणारे चॅनेल तिच्यावर खुणा करून बघा. माझा अंदाज आहे की ते सगळे ७५० च्या वरचे निघतील. तसं निघालं तर बॉक्स, रिमोट, टीव्ही यांना हात लावायचं कारणच नाही.

आता हिशेब. चांगल्या आर-जी ६ मध्ये १०० मीटरला ११० मेगाहर्ट्झवर साधारण साडेसहा-सात डीबी जातात आणि ८५० वर २० डीबी. आर-जी ११ मध्ये तेच अनुक्रमे सव्वाचार-साडेचार आणि साडेबारा-तेरा. फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितकी केबल जास्त खाते. म्हणजे तुमच्या २५० मीटर आर-जी ६ मध्ये वरच्या टोकाचे ५० डीबी गेले आणि खालच्या टोकाचे फक्त १६-१७. तिसऱ्या ॲम्पमधून ९० नं निघालेला वरचा सिग्नल चौथ्या ॲम्पच्या दारात ४० वर पोचला. खालचा मात्र १०२ मधून ८५-८६ वर. एकाच केबलमध्ये खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सीत ४५ डीबीचा उतार. बाजारातला इक्वलायझर साधारण १८-२० डीबीपर्यंतचा उतार सरळ करतो. हा त्याच्या आवाक्यातला नाही.

त्या चौथ्या ॲम्पवर काय येतं ते बघा. ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ७५ ओहमच्या केबलवर, काही न करताही जवळजवळ ४ डीबी मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतोच. त्यात ॲम्प स्वतःचा ८ डीबी धरून चाला. मग ४० वजा ८ वजा ४, उरले २८. सिग्नल गोंगाटाच्या २८ डीबी वर आहे. ६४ क्वामचा बॉक्स साधारण २६ पर्यंत तग धरतो. सकाळी तुमच्या हातात फक्त दोन डीबी शिल्लक असतात.

आणि मग ऊन तापतं. केबलचा लॉस दर ५ अंशांमागे साधारण १ टक्क्यानं वाढतो. सकाळी सहाला २८ अंश धरा. मे महिन्यात दुपारी दोनला काळ्या केबलला हात लावून बघा, चटका बसतो. तिचं अंग ६० अंशांच्या आसपास गेलेलं असतं. ३२ अंशांचा फरक म्हणजे सव्वासहा-साडेसहा टक्के. तुमच्या २५० मीटर आर-जी ६ चे ५० डीबी त्यामुळे ५३ होतात. आधीच्या ३५० मीटर आर-जी ११ चे ४५ होते, ते ४८. एकूण सहा डीबी उडाले. चौथ्या ॲम्पच्या दारात ४० ऐवजी ३४, आणि गोंगाटाच्या वर फक्त २२. चित्र फुटलं. संध्याकाळी केबल निवली की तेच आकडे परत वर येतात आणि चॅनेल परत येतात. खालच्या फ्रिक्वेन्सीवर लॉसच कमी, म्हणून तिथं साडेसहा टक्क्यांनी दोन-अडीच डीबीचाही फरक पडत नाही. ते चॅनेल दुपारीही टिकतात. तुमची तक्रार आणि हा कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

पाचव्या ॲम्पनं बिघडलं का, याचंही उत्तर यातच आहे. ॲम्प सिग्नलला उचलतो तसा गोंगाटालाही तेवढाच उचलतो. चौथ्याच्या दारात जे अंतर २२ झालं, ते पुढं दहा ॲम्प लावले तरी २२ च्या वर जात नाही. मीटरवर लेव्हल छान दिसते, ७० च्या घरात, आणि माणूस चक्रावतो की लेव्हल आहे तर चित्र का नाही. उलट खालचे चॅनेल आधीच ८५-८६ वर होते. चौथ्या ॲम्पनं २८-३० डीबी उचलून त्यांना ११४-११५ वर नेलं. इतक्याला ॲम्पचं तोंड भरतं, तो खालच्या चॅनेलची मोडतोड करतो आणि त्या मोडतोडीचा कचरा सगळ्या पट्ट्यांवर पसरवतो. पाचव्यानं त्यावर अजून भर घातली. म्हणून आधी चांगले असलेले चॅनेलही अडकू लागले. वरचे उपाशी आणि खालचे अपचनानं आजारी, अशी ती लाइन आहे.

तुमच्याकडं नुसता लेव्हल दाखवणारा मीटर असेल, तर एमईआर दाखवणारा डिजिटल मीटर घ्या. नवा परवडत नसेल तर आसपासच्या तीन-चार ऑपरेटरांनी मिळून घ्या, पण घ्याच. सिग्नल किती उंच आहे हे लेव्हल सांगते, किती निरोगी आहे हे एमईआर सांगतो. टॅपवर, म्हणजे खांबावरच्या ज्या डबीतून घरांच्या वायरी निघतात तिथं, एमईआर ३२ च्या वर असलं पाहिजे. ३० च्या खाली दिसलं की ते ग्राहकाच्या घरचं दुखणं नाही, तुमच्या लाइनीचं आहे.

ॲम्पची जागा ठरवताना एकच गोष्ट पक्की धरा: वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल ७० च्या खाली जायच्या आत ॲम्प आला पाहिजे. ७० वर पोचला तर ७० वजा ८ वजा ४, म्हणजे ५८. असे चार ॲम्प एकामागे एक असले तरी दर दुप्पट संख्येला ३ डीबी या हिशेबानं ५२ उरतात, आणि मग मे महिन्याची दुपार तुमचं काही बिघडवत नाही. चित्र जिथं मेलं तिथं ॲम्प लावायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, कारण तक्रार तिथून येते आणि शिडीही तिथंच लागते. लावायचा असतो मागच्या खांबावर, सिग्नल अजून धड असताना.

आता रात्रीचा बिघाड. तो वेगळा आहे, त्याला या उतारात मिसळू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात सात वाजले की घरोघरी कुलर सुरू होतात. गावाच्या टोकाला व्होल्टेज दीडशेच्या खाली गेलेलं मी स्वतः मोजलंय. ट्रान्सफॉर्मरवाला जुना पॉवर सप्लाय त्यावर नीट २४ व्होल्ट देऊ शकत नाही. आउटपुटमध्ये गुरगुर मिसळते, एमईआर पडतो, आणि अजून खाली गेलं की ॲम्प बंदच होतो. रात्री आठला चौथ्या ॲम्पजवळ मल्टिमीटर घेऊन उभे राहा. आत येणारं एसी आणि सप्लायचं डीसी, दोन्ही मोजा. एसएमपीएस सप्लाय ९०-१०० व्होल्टपासून काम करतो, तो बसवा. ज्या घरातून लाइट घेतलीय तिथं स्वतंत्र एमसीबी लावा, त्या घराचा केबलचा महिना सोडून द्या, आणि बटणावर ठळक लिहा की हे बंद करू नका. चार ॲम्प चार घरांच्या लाइटवर असले, तर चारही घरची माणसं वावरात गेली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००९ च्या पावसाळ्यात माझ्यासोबत काम करणारा एक पोरगा खांबावर चढला होता. काम साधं, स्प्लिटर बदलायचा. एका घराकडून येणारा कनेक्टर त्यानं डाव्या हातात धरला, स्प्लिटर उजव्या हातात, आणि आटे फिरवून दोन्ही वेगळे केले. त्या क्षणी तो खाली. खाली चिखल होता म्हणून जीव वाचला, पाय मात्र मोडला. मी नंतर मल्टिमीटर लावला, तर त्या कनेक्टरच्या अंगावर ११० व्होल्ट. त्या घराचा न्यूट्रल कुठंतरी तुटला होता आणि घरातला करंट टीव्हीच्या वाटेनं आमच्या केबलच्या जाळीतून (मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या विणीतून) परत जात होता. कनेक्टर जोडलेला होता तोवर कुणाला काही कळलं नाही. त्यानं तो सोडवला आणि दोन तुकड्यांमधला पूल तोच झाला.

त्या दिवसापासून माझ्याकडं कुणीही कनेक्टर सोडवण्याआधी त्याचं अंग आणि अर्थिंग यांच्यात एसी व्होल्ट मोजतो. चार-पाच व्होल्टच्या वर काही दिसलं तर हात लावायचा नाही. त्या घराचा मेन बंद करायचा, वायरमनला बोलवायचं, न्यूट्रल नीट झाला की मग आपलं काम. हातमोजे रबरी, शिडी कोरड्या बांबूची. आणि महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय केबल टांगू नका. वाऱ्यात तुटलेली एक तार तुमच्या केबलवर पडली तर ती २२ घरांच्या टीव्हीपर्यंत जाते, आणि टीव्हीजवळ लेकरं बसलेली असतात.

अर्थिंगचं बोलतोच आहे तर, आपली काळी जमीन पावसाळ्यात उत्तम अर्थ देते आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की रॉड मातीपासून सुटतो. मृगाच्या आधीच्या विजा पडतात नेमक्या तेव्हाच. म्हणून रॉड किमान अडीच मीटर खोल न्या, भोवती कोळसा-मीठ भरा, आणि जमलं तर हातपंपाच्या नालीजवळ ठोका. तिथली माती बारा महिने ओली असते. दहा ओहमच्या आत आलं तर चांगलं.

पाण्याबद्दलही सांगतो, कारण पाणी फार फसवतं. समुद्रपूर तालुक्यात एका आजींच्या घरी श्रावणभर चित्र अडकत होतं. मी दोनदा बॉक्स बदलला, एकदा घरातली वायर बदलली. आजी दर वेळी चहा द्यायच्या, आणि मला त्यांच्याकडं जायची लाज वाटायला लागली होती. शेवटी टॅपवरचा कनेक्टर उघडला. आतून दोन थेंब पाणी पडलं, हिरवट निळं. मधल्या तांब्यावर हिरवा थर चढला होता आणि जाळीची बोटात काळी भुकटी झाली. मी दोन फूट केबल कापली, आतही काळं. अजून दोन फूट, तरी काळं. वातीनं तेल ओढावं तसं जाळीनं पाणी आत ओढलं होतं, अकरा मीटर. ती सगळी केबल काढून नवी टाकली तेव्हा कुठं चित्र स्थिर झालं. म्हणून कनेक्टर कापून नवा लावताना जाळीचा रंग बघा. चकाकत नसेल तर अजून कापा, आणि माणसाच्या उंचीएवढं कापूनही काळंच निघालं तर केबल बदला. कनेक्टर पक्क्या दाबणीचा, कॉम्प्रेशनचा घ्या. हातानं पिळून बसवायचे कनेक्टर पहिल्या पावसात दगा देतात. आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे अंगावरून वाहत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल.

आता पोडाचं पक्कं काम काय करायचं ते सांगतो. कोॲक्स पोडापर्यंत नेऊच नका. फायबर न्या.

चार कोरची हवेतून न्यायची फायबर मीटरमागे आता आर-जी ११ पेक्षा महाग पडत नाही. १५५० नॅनोमीटरवर किलोमीटरला पाव डीबीसुद्धा जात नाही, म्हणजे तुमच्या ६०० मीटरचा लॉस धरायचंही कारण नाही. उन्हानं तिचं काही होत नाही, आणि वीज गावात पडली तरी फायबरच्या काचेतून ती पोडावर जात नाही. ग्रामपंचायतीजवळ येणारी पॉवर ऑप्टिकल मीटरवर मोजा. समजा अधिक ३ डीबीएम आली. तिथं ७०-३० चा कपलर (प्रकाश दोन वाटांत वाटणारा) लावा. ७० च्या पायावर पावणेदोन-दोन डीबी जातात, गावच्या नोडला साधारण अधिक १ मिळतं. ३० च्या पायावर साडेपाच जातात, वर कनेक्टर-स्प्लाइसचा अर्धा डीबी, पोडाला उणे ३ पोचतं. आजचे एजीसीवाले (आउटपुट आपोआप सांभाळणारे) छोटे रिसीव्हर उणे ३ वर आरामात चालतात. तुमच्याकडं येणारी पॉवर यापेक्षा कमी असेल तर कपलरचं प्रमाण बदलावं लागेल, म्हणून आधी मोजा, मग सामान आणा.

दोन गोष्टींत लोक हमखास चुकतात. हिरवा कनेक्टर हिरव्यातच लावायचा. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो खरा, पण मध्ये फट राहते, तीन-चार डीबी जातात, प्रकाश मागं फिरतो आणि कधी तोंडही खराब होतं. दुसरं, खांबावर उरलेली फायबर लहान वेटोळं करून आवळून बांधू नका. १५५० चा प्रकाश आवळलेल्या वळणात बाहेर सांडतो. ताटाएवढं वेटोळं ठेवा. आणि फायबरच्या तोंडात डोळा लावून बघायचं नाही, कधीच नाही. हा प्रकाश दिसत नाही, पण ईडीएफएमधून (प्रकाश वाढवणाऱ्या ॲम्पमधून) निघतो तेव्हा डोळ्याला इजा करण्याइतका असतो.

पोडावरचं वाटप मागून पुढं, म्हणजे शेवटच्या टीव्हीपासून नोडकडं मोजत या. बॉक्सला वरच्या फ्रिक्वेन्सीवर ६० मिळावे असं धरू. घरात दोन टीव्हीसाठी स्प्लिटर असेल तर त्याचे ४, खांबापासून घरापर्यंत २५ मीटर आर-जी ६ चे ५. म्हणजे टॅपच्या पोर्टवर ६९ हवेत. रिसीव्हर पोडाच्या मधोमध, समाजमंदिरासारख्या पक्क्या भिंतीवर लावा. आउटपुट वरच्या टोकाला १००, खालच्या टोकाला ९४ असा मुद्दाम उलटा उतार ठेवा. दोनचा स्प्लिटर लावून दोन शाखा काढा, प्रत्येकीत ९६ गेले. ३० मीटर आर-जी ११ नंतर पहिला चारचा टॅप, तिथं ९२ पोचले. २३ डीबीचा टॅप लावला की पोर्टवर ६९. टॅपमधून पुढं जाताना १ डीबी गेला, पुढच्या ४० मीटरमध्ये ५; दुसऱ्या टॅपवर ८६, तिथं १७ चा टॅप, पोर्टवर परत ६९. टॅपचा दीड आणि पुढच्या ४० मीटरचे ५ वजा करून तिसऱ्यावर साडेएकोणऐंशी, तिथं ११ चा, पोर्टवर साडेअडुसष्ट. एका शाखेत १२ घरं, दोन शाखांत २४. तुमची २२ घरं बसली, दोन पोर्ट उरले, आणि एकही ॲम्प लागला नाही. पहिल्या घराला आणि शेवटच्या घराला जवळजवळ सारखाच सिग्नल मिळतो. उरलेल्या पोर्टना आणि शेवटच्या टॅपच्या आउटपुटला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. उघडं तोंड सिग्नल मागं फेकतं आणि शेजारच्या पोर्टचा एमईआर पाडतं.

टॅपऐवजी सगळीकडं चारचे स्प्लिटर लावायचा मोह आवरा. ते स्वस्त आहेत हे खरं, पण पहिल्या घराला ८५ आणि शेवटच्याला ४५ देणारी लाइन तुम्हाला दर आठवड्याला शिडी चढवते.

फायबरला पैसे जमवायला महिना-दोन महिने लागणार असतील, तर तोवर एवढं करा. ते २५० मीटर आर-जी ६ उतरवून आर-जी ११ टाका. लॉस ५० वरून ३१-३२ वर येईल. मग पहिल्या ॲम्पपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या इनपुटला इक्वलायझर आणि ॲटेन्युएटर (लेव्हल कमी करणारा) बसवत आउटपुट वरच्या टोकाला १००, खालच्या टोकाला ९२ असा लावत या. तिसऱ्यापर्यंत हे जमलं की चौथ्याच्या दारात वरचा ६८ पोचतो. ७० नाही, पण मे काढून जाईल. ही सेटिंग दुपारी दोन वाजता करा, पहाटे नाही. सर्वात वाईट वेळेला जुळवलेली लाइन बाकी वेळ आपोआप सांभाळली जाते.

फुटणारे चॅनेल ७६० ते ८०० च्या पट्ट्यात निघाले आणि दुपार-रात्र न बघता जात असतील, तर जवळ मोबाईलचा टॉवर आहे का बघा. ७०० मेगाहर्ट्झच्या सेवेचे टॉवर ७५८ ते ८०३ याच पट्ट्यात बोलतात. सैल कनेक्टर किंवा जाळी तुटलेली केबल ॲन्टेनासारखी ते ओढून घेते. टॉवरला दोष देऊन उपयोग नाही, आपली केबल बंद पाहिजे.

लाइन ओढताना रस्त्यावरची उंची किमान साडेपाच-सहा मीटर ठेवा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आणि कुटाराच्या ट्रॉल्या किती उंच भरून येतात ते तुम्ही रोज बघता. वांदरांसाठी केबल स्टीलच्या तारेला दर फूट-दीड फुटावर बांधा. लोंबती केबल दिसली की ती झोका घेणारच.

पुढचं ठरवण्यासाठी मला दोन वेळचे आकडे हवेत, सकाळी सहाचे आणि दुपारी अडीचचे, एकाच दिवशी घेतलेले: चारही ॲम्पच्या इनपुट-आउटपुटला सर्वात खालच्या आणि सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीची लेव्हल आणि एमईआर, सोबत रात्री आठचं व्होल्टेज, आणि ग्रामपंचायतीजवळची ऑप्टिकल पॉवर. पोडाचा हातानं काढलेला नकाशा जोडा, घरांमधली अंतरं पावलांनी मोजली तरी चालतील. ते आले की टॅपच्या किमती घरागणिक लिहून देतो.